आईचं टेन्शन वारेतून बाळाच्या जनुकांत जातं का? मायक्रो-आरएनएबद्दल विचारायचं आहे

मनवा_नाशिक · मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. आज लिहितेय, कारण झोप लागत नाहीये आणि घरात हे कुणाला विचारावं कळत नाही.

मला तेरावा आठवडा चालू आहे. दुसरी वेळ. पहिल्या वेळी एकतिसाव्या आठवड्यात बीपी १६०/११० झालं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि त्याच रात्री सिझर करावं लागलं. मुलगी १ किलो २४० ग्रॅमची झाली. ३८ दिवस पेटीत होती. आता चार वर्षांची आहे, छान आहे. आत्ता माझ्या शेजारी पोटावर पाय टाकून झोपलीय. मी पाय खाली ठेवला की झोपेतच परत टाकते.

तेव्हा मार्च एंडिंग होतं. मी बँकेत आहे, महिनाभर रात्रीचे नऊ वाजत होते. शाखेत दोन माणसं कमी होती. जेवण कधी चार वाजता, कधी नाहीच. हे सगळं मला आजही तारीखवार आठवतं.

परवा आत्यासासूबाईंनी एक फॉरवर्ड पाठवला. ‘नोबेल मिळालेल्या संशोधनाने सिद्ध झालं आहे की आईचे विचार आणि भावना मायक्रो-आरएनएच्या रूपाने वारेतून बाळाच्या जनुकांवर लिहिल्या जातात.’ खाली गर्भसंस्काराच्या शिबिराची फी आणि एका रक्तचाचणीचा दर. मग त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ‘मी तेव्हाच सांगत होते. तू महिनाभर जीव जाळलास, ते विष नाळेतून पोरीला गेलं. या वेळी तरी सांभाळ.’ त्या वाईट नाहीत, मुलीच्या वेळी रात्र रात्र दवाखान्यात बसल्या आहेत. म्हणूनच ते जास्त लागलं.

मायक्रो-आरएनए खरंच असतं का? आईकडून बाळाकडे असं काही जातं का? माझ्या त्या मार्च महिन्याने तिचं बीपी, म्हणजे माझं बीपी वाढलं का? आणि ती चाचणी करू का? पैसे साठवलेले आहेत. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा, नुसता धीर नको.

---

रात्रपाळी · बुधवार, पहाटे १:१५

मनवाताई, मला माहीत आहे. निदान या एका गोष्टीपुरतं. मी साडेचार वर्षं वारेवरच, म्हणजे प्लॅसेंटावरच, काम केलं.

मुंबईत पीएचडी करत होते. बाळंतपणं रात्रीच जास्त होतात असं वाटावं इतक्या रात्री मी प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर बर्फाचा डबा मांडीवर घेऊन काढल्यात. सिस्टर हाक मारायच्या, ‘तुझी वार आली गं.’ आत ट्रेमध्ये ती अजून कोमट असायची. भाकरीएवढी, मध्ये जाड, अर्ध्या किलोच्या आसपास. एका बाजूने गर्द लाल, फुगीर, पंधरा-वीस पाकळ्यांत फुटलेली. ती आईच्या गर्भाशयाला चिकटलेली बाजू. उलटी केली की दुसरी बाजू गुळगुळीत, निळसर, आणि नाळेपासून सगळीकडे पसरत गेलेल्या रक्तवाहिन्या, पार कडेपर्यंत. मी नाळ आणि कड यांच्या मधल्या भागातून हरभऱ्याएवढे तुकडे कापायचे, गार सलाइनमध्ये लाली जाईपर्यंत धुवायचे आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे. घाई करावी लागते, कारण आरएनए, म्हणजे जनुकाची तात्पुरती नक्कल, फार लवकर तुटतो.

पहिली गोष्ट, जी मलाही तिथे जाईपर्यंत उमगली नव्हती. आपण वारेला आईचा अवयव समजतो. ती जवळजवळ सगळी बाळाच्या पेशींनी बनलेली असते. ज्या एका फलित पेशीपासून बाळ होतं, तिच्यापासूनच वार होते. म्हणजे तिच्यात निम्मी जनुकं बाबांची. बाळाने स्वतःसाठी आईच्या घरात काढलेली ती पहिली खोली आहे म्हणा.

आता मायक्रो-आरएनए. असतं, अगदी खरं असतं. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना ते एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत सापडलं. त्या कामासाठी दोघांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. फॉरवर्डमधलं नोबेल खरं आहे, पण ते आईच्या विचारांबद्दल नाही आणि गरोदरपणाबद्दलही नाही. मायक्रो-आरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांची आरएनएची चिंधी. तिच्यापासून प्रोटीन बनत नाही. प्रोटीन बनवण्याचा निरोप घेऊन निघालेल्या लांब आरएनएला ती जाऊन चिकटते आणि तो निरोप दबतो. नळाची तोटी थोडी आवळावी तसं. नळ बहुधा पूर्ण बंद होत नाही, धार बारीक होते. जनुकावर काही ‘लिहिलं’ जात नाही. जनुकाची अक्षरं होती तशीच राहतात.

वारेत हे मायक्रो-आरएनए भरपूर असतात, आणि काही तर जवळपास फक्त वारेतच असतात. एकोणिसाव्या गुणसूत्रावर त्यांची एक मोठी वस्तीच आहे, तिला सी१९एमसी म्हणतात. सुमारे एक लाख अक्षरांच्या पट्ट्यात ४६ जनुकं दाटीवाटीने बसलेली. ही वस्ती फक्त माकडं, वानरं आणि माणसं यांच्यात आहे. उंदरात नाही, गायीत नाही. आणि वारेत तिची फक्त वडिलांकडून आलेली प्रत चालू असते, आईकडून आलेली गप्प ठेवलेली असते. चौदाव्या गुणसूत्रावर अशीच दुसरी वस्ती आहे, तिथे बरोबर उलट, आईची प्रत बोलते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद खाली ठेवून कितीतरी वेळ नुसती बसले होते. आईच्या पोटात, आईच्या रक्तात बुडालेला अवयव, आणि त्यातली बाबांची प्रत आईच्या शरीराशी बोलते आहे.

बोलते म्हणजे कसं, तेही सांगते. वारेचं आईकडचं बाहेरचं अस्तर म्हणजे एकमेकांत विरघळून गेलेल्या पेशींचा एकच अखंड थर असतो, मध्ये भिंती नाहीत. सगळ्या घड्या उलगडल्या तर तो १०-१२ चौरस मीटर भरतो, एका छोट्या खोलीच्या जमिनीएवढा. दिवस भरत आले की आईचं अर्धा लिटरहून जास्त रक्त दर मिनिटाला त्याला धुऊन जातं. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. पण हा थर स्वतःच्याच पापुद्र्याच्या अतिसूक्ष्म पुड्या करून त्या आईच्या रक्तात सोडत राहतो. त्यांना एक्झोसोम म्हणतात. त्या पुड्यांत हे मायक्रो-आरएनए असतात. नुसता आरएनए रक्तात टिकला नसता, पुडीत टिकतो.

त्या पुड्या आईच्या शरीरात काय करतात? दोन गोष्टी मला सगळ्यात जवळच्या वाटतात. एक, २०१३ साली पिट्सबर्गमध्ये योएल सॅडोव्स्की आणि कॅरोलिन कॉइन यांच्या गटाने दाखवलं की वारेच्या पेशींनी सोडलेल्या या पुड्या दुसऱ्या साध्या पेशींना दिल्या तर त्या पेशी विषाणूंना दाद देईनाशा होतात. सी१९एमसीमधले काही मायक्रो-आरएनए त्या पेशींची स्वतःतला केरकचरा गिळून टाकण्याची यंत्रणा जागी करतात, आणि विषाणू त्यात सापडतो. दुसरी, जपानमधल्या गटाने दाखवलं की वारेतला मिर-५१७ए हा मायक्रो-आरएनए पुडीतून आईच्या संरक्षक पेशींत शिरतो आणि तिथल्या एका प्रोटीनची तोटी आवळतो. निम्मं परकं असलेलं बाळ आईचं शरीर नऊ महिने कसं ठेवून घेतं, या मोठ्या प्रश्नाचा तो एक छोटा धागा आहे. हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं काम आहे, हेही लक्षात असू द्या.

म्हणजे या पुड्यांची मोठी वाहतूक वारेकडून आईकडे आहे. नाळेच्या रक्तातही हे मायक्रो-आरएनए मिळतात, पण आईच्या रक्तात ते पुष्कळ जास्त असतात. फॉरवर्डने बाण उलटा काढलाय.

एकदा मी एका बाईंचं रक्त बाळंतपणाआधी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं. आरएनए मोजायच्या यंत्रात चाळीस फेऱ्या होतात, पडद्यावर रेषा वर उचलली की समजायचं सापडला. पहिल्या नमुन्याची रेषा झोकात वर गेली. दुसऱ्या दिवसाच्या नमुन्याची चाळीस फेऱ्या संपल्या तरी तळाशी पडून. हाँगकाँगच्या डेनिस लो यांच्या गटाने हे २००८ सालीच दाखवलं होतं, वार गेली की तिचे हे निरोप एका दिवसात आईच्या रक्तातून ओसरतात. मला माहीत होतं. तरी त्या सपाट रेषेकडे बघून घशात आवंढा आला. काल बोलत होती, आज नाही.

आता तुमचा मार्च महिना. तुम्हाला झालं ते, बीपी चढणं आणि लघवीतून प्रोटीन जाणं, त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याची सुरुवात फार आधी होते. पहिल्या चार-साडेचार महिन्यांत वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयात खोल शिरून तिथल्या वळणावळणाच्या बारीक धमन्या रुंद करून घेतात. हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी आणि झटक्या-झटक्याने मिळतं, प्राणवायू कमी पडतो. तेव्हा वारेत मिर-२१० नावाचा मायक्रो-आरएनए वाढतो. प्राणवायू कमी पडल्याची ती ठरलेली खूण आहे, आणि प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांच्या वारेत तो वाढलेला अनेक गटांना दिसला आहे. मग वार आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचं प्रोटीन सोडते, त्याने आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि बीपी चढतं. तुमचं बीपी एकतिसाव्या आठवड्यात दिसलं, पण धमन्यांचं काम राहून गेलं ते तुमच्या मार्चच्या कितीतरी आधी. गणित तुम्हीच करून बघा.

टेन्शनबद्दल एकच सांगते. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल आईच्या रक्तात वाढतं, हे खरं. पण वारेत एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं, ते आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा बराच मोठा भाग वाटेतच निष्क्रिय करून टाकतं. तुम्ही रात्री नऊपर्यंत खुर्चीत बसला होतात तेव्हा ती वार, जमेल तेवढं, बाळासाठी चाळणी धरून उभी होती.

चाचणी करू नका. त्याबद्दल सकाळी लिहिते, डोळे मिटायला लागलेत.

---

डॉ_स्नेहल_स्त्रीरोग · बुधवार, सकाळी ७:५०

रात्रपाळी यांनी फार छान लिहिलंय. मी फक्त आत्ता करायचं ते सांगते, कारण तेरावा आठवडा हा मोलाचा आहे.

मनवा, आधीच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल तर या वेळी बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. २०१७ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना १५० मिलिग्रॅम रोज रात्री, ११-१४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत दिली होती. ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांशी बोला. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात असेल तर अलीकडे घ्या. स्वतःहून गोळी सुरू करू नका, दमा किंवा आम्लपित्ताचा जुना त्रास असेल तर तोही त्यांना सांगा.

डबल मार्करसाठी रक्त दिलं असेल तर विचारा, त्यात पीएलजीएफ, म्हणजे वारेतून येणारं एक प्रोटीन, पाहिलाय का. पुढे बीपी किंवा सूज यावरून शंका आली तर एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर बघता येतं, ३८ किंवा त्याखाली आलं तर पुढचा एक आठवडा बहुतेक निर्धास्त. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते ती तपासणी. मायक्रो-आरएनएची चाचणी मी कुणालाच लिहून देत नाही, आणि माझ्या ओळखीतला एकही डॉक्टर देत नाही.

डोकं न थांबता दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर एकदम सूज, यातलं काहीही झालं तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

आणि मुलीचा पाय खुशाल पोटावर असू दे. त्याने बाळाला काही होत नाही.

---

रात्रपाळी · बुधवार, सकाळी १०:०५

चाचणीचं राहिलं होतं. ती का नको ते मी माझ्याच टेबलावर शिकले, म्हणून सविस्तर सांगते.

रक्त घेताना सुई नीट लागली नाही, किंवा सिरिंज जोरात ओढली, तर थोड्या लाल पेशी फुटतात. नळी फिरवून वरचा द्रव वेगळा केला की तो गवती चहासारखा पिवळसर दिसायला हवा. त्याऐवजी फिकट गुलाबी दिसतो. लाल पेशींत त्यांचे स्वतःचे मायक्रो-आरएनए ठासून भरलेले असतात, मिर-४५१ आणि मिर-१६ तर खूपच. ते सगळे नमुन्यात सांडतात. मग तुम्ही मोजताय ते वारेचं की सुईचं? मी सुरुवातीच्या वर्षात असे अकरा नमुने ‘वेगळे’ म्हणून मोठ्या उत्साहाने सरांना दाखवले होते. त्यांनी काही न बोलता नळ्या खिडकीपाशी उजेडात एका ओळीत लावल्या. सगळ्या गुलाबी. त्या दिवशी अकरा बायकांचं रक्त मी स्वतःच्या हाताने टाकून दिलं आणि घरी जाऊन जेवले नाही. त्या बायकांनी कळा सुरू असताना, माझ्या शब्दावर हात पुढे केला होता.

नळी कुठली वापरली यानेही फरक पडतो. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपारिन असतं, त्याने मोजायची अभिक्रियाच अडते. जांभळ्या झाकणाची लागते. रक्त घेतल्यापासून नळी फिरवेपर्यंत किती वेळ गेला, आईचं वजन किती, कितवा आठवडा, प्रत्येकाने आकडा हलतो. म्हणूनच एका गटाला जो मायक्रो-आरएनए प्रीएक्लॅम्प्सियात वाढलेला दिसतो तो दुसऱ्याला घटलेला दिसतो. हे काम खरं आहे, मोलाचं आहे, पण अजून संशोधनाच्या टेबलावर आहे. त्या टेबलावरून उचलून कुणी तुमच्या साठवलेल्या पैशांना हात घालतं, याचा मला मनापासून राग येतो.

रात्री मी ‘फॉरवर्डने बाण उलटा काढलाय’ असं लिहिलं, त्यात थोडी भर. आईकडून बाळाकडे काहीच जात नाही असं नाही. २०१५ साली स्पेनच्या व्हॅलेन्सियातल्या गटाने दाखवलं की गर्भाशयाचं अस्तर मिर-३०डी नावाचा मायक्रो-आरएनए द्रवात सोडतं आणि अजून रुजायचा असलेला गर्भ तो घेतो, त्याने त्याला चिकटायला मदत होते. म्हणजे बाळ रुजायच्या आधी, आईला पत्ताही नसताना, तिचं शरीर त्याला ‘ये, बस’ म्हणतं. विचारांचा यात संबंध नाही. कुठल्याही बाईच्या बाबतीत हे घडतं, ती त्या दिवशी आनंदात असो की भांडून झोपलेली असो.

---

सिस्टर_माई · बुधवार, दुपारी ३:२०

मी ग्रामीण रुग्णालयात एकवीस वर्षं लेबर रूमला आहे. मायक्रो काय ते मला कळत नाही, पण वार मी हजारो हातात घेतल्यात. वार पडली की ती तशीच टाकत नाही आम्ही. पाण्याने धुऊन, ट्रेमध्ये पसरून, बोटाने प्रत्येक पाकळी लावून बघायची. एक पाकळी जरी आत राहिली तरी बाई रक्ताने जाईल.

बीपीवाल्या बाईची वार हाताला वेगळी लागते. लहान असते. मध्ये मध्ये पांढुरके, टणक चट्टे असतात, बोटाने दाबले तरी दबत नाहीत. जिथे रक्त पोचलं नाही तो भाग तसा होतो असं मॅडमनी शिकवलं होतं. पोरी, मी तुला खात्रीने सांगते, तसली वार मी शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईचीही बघितली, घरात पलंगावरून न उठलेल्या बाईचीही बघितली, आणि रोज पोथी वाचणाऱ्या बाईचीही बघितली. स्वभाव बघून येत नाही ती.

घरी बीपीचं मशीन घे. मोजायच्या आधी पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. वहीत तारीख टाकून लिहायचं. वरचं १४० किंवा खालचं ९० दिसलं की डॉक्टरांना फोन. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, बँकेत काम करणारी असलीस तरी लाजू नको, ये.

---

गोठ्यातला_डॉक्टर · बुधवार, रात्री ९:३०

मी जनावरांचा डॉक्टर, फलटणकडचा. रात्रपाळी यांनी गायीत ती वस्ती नाही असं लिहिलं, म्हणून राहवलं नाही.

गायीची वार, आमच्याकडे जारही म्हणतात, एकसंध भाकरीसारखी नसते. गर्भाशयाला ७५ ते १२० ठिकाणी बटणं लावावीत तशी ती जोडलेली असते. व्यायल्यावर ती बटणं एकेक करून सुटतात. बारा तासांत पडली नाही तर शेतकऱ्याचा फोन येतो. माणसात वार आईच्या रक्तातच बुडालेली असते, गायीत तसं नाही. मध्ये आईच्या पेशींचे थर शिल्लक राहतात. त्यामुळे गायीची रोगप्रतिकारक प्रथिनं पोटात असताना वासराला मिळतच नाहीत. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पाजला नाही तर वासरू दगावतं. माणसाच्या बाळाला ती वारेतूनच आयती मिळतात.

गायीतला निरोपही वेगळा. सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रोटीन सोडतो, म्हणजे गायीच्या शरीराला कळतं की पुन्हा माजावर यायचं नाही. तो निरोप पोचला नाही तर गर्भ असूनही गाय माजावर येते आणि गर्भ जातो. मी ज्या गायींत तो निरोप हुकलेला बघतो त्यांचा मालक म्हणतो, ‘गाय घाबरट आहे.’ सगळीकडे हेच आहे ताई. दिसत नाही त्याचा दोष आधी मादीच्या स्वभावाला देतात.

---

मनवा_नाशिक · शनिवार, सकाळी ११:१०

तुम्हा सगळ्यांचं चार-चारदा वाचलं. काल डॉक्टरांकडे जाऊन आले, ॲस्पिरिन १५० लिहून दिली, आज रात्रीपासून सुरू. बीपी ११८/७६. माईंनी सांगितलं तसं पाय टेकवून बसले होते. मशीन आणलं, वही केली.

गणितही करून बघितलं. मार्च लागला तेव्हा मी अठ्ठाविसाव्या आठवड्यात होते. धमन्यांचं काम व्हायला हवं होतं तेव्हा दिवाळी होती, आणि मी माहेरी करंज्या खात होते. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या मार्चकडे नीट बघितलं.

यजमानांनी आत्यांना रात्रपाळींचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांची प्रत बोलते, या ओळीला आत्या म्हणाल्या, ‘परत वाच.’ मग यजमान जरा गप्प झाले आणि मला विचारलं, मग माझ्यामुळे झालं का?

आणखी एक. आत्यांनी विचारायला सांगितलंय, त्यांच्याकडे वार परसात खड्डा करून पुरायचे, वर दगड ठेवायचे. ती संशोधनाला देता येते का?

---

रात्रपाळी · शनिवार, रात्री १०:४५

ताई, करंज्यांचं वाचून मी खूप वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

यजमानांना सांगा, त्यांचा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारलाही गेला आहे. नॉर्वेच्या जन्मनोंदींवरून १९९८ साली दिसलं की ज्या पुरुषाच्या आधीच्या जोडीदाराला प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता, त्याच्यापासून दिवस गेलेल्या दुसऱ्या बाईलाही त्याचा धोका जास्त असतो. म्हणजे बाळातून, वारेतून, बाबांचाही वाटा येतो. पण तो वाटा म्हणजे जन्मतः मिळालेली अक्षरं, त्यांनी केलेलं काही नव्हे. त्यांना आज करता येण्याजोगं एक काम आहे, वहीत रोजचं बीपी त्यांनी लिहावं.

आत्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या आजीने माझी वार माणच्या घरी न्हाणीच्या मागे पुरली होती, वर पाटा ठेवला होता. तो पाटा अजून तिथेच आहे. संशोधनाला वार देता येते, जिथे असं काम चालतं अशा रुग्णालयात. आधी संमतिपत्र देतात, ते मराठीतून असतं, वाचून सही करायची. नको वाटलं तर कधीही नाही म्हणता येतं, उपचारात काही फरक पडत नाही. फक्त सिस्टरना कळा सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा. वार पडल्यावर कुणीतरी बर्फाचा डबा घेऊन बाहेर बसलेलं असावं लागतं. आणि तुकडे घेऊन उरलेली वार परत मागता येते का तेही त्याच वेळी विचारा. मी दोघींना परत दिली होती, घट्ट झाकणाच्या डब्यात. एकीने ती डहाणूला नेली.